वीद्रोवच्या छतातली नवरी

नवरी पळवायची ती सूप आणि बदक यांच्या मधल्या वेळात, असा आमच्या मोराव्हियातला रिवाज. उपाशीपोटी पळवली तर ती रुसते, आणि जेवण उरकल्यावर पळवायला जावं तर पळवणाऱ्यांनाच खुर्चीतून उठवत नाही. म्हणून काळजाच्या गोळ्यांचं सूप संपलं, आचाऱ्यांनी ताटल्या उचलल्या, तसा राडोवान आपल्या बहिणीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"चल ताई, ऊठ. तुला पळवायचंय."

"कुठे?"

"पबमध्ये, आणखी कुठे? गावात दुसरं आहे काय?"

हेद्विका हसली. तिच्या चुलतबहिणी, मैत्रिणी, सगळ्या त्याच पबमध्ये पळवल्या गेल्या होत्या. नवरा कपाळावर आठ्या आणून दोन-चार चुकीच्या ठिकाणी शोधायचा, मग नेमका पबमध्ये उगवायचा, सगळ्यांचं बिल भरायचा आणि बायकोला घेऊन यायचा. आजवर वीद्रोवमध्ये एकही नवरी हरवली नव्हती.

पण आजचा नवरा वेगळा होता. वेंडेलीन हा वीद्रोवच्या हवेलीचा कारभारी. अठरा वर्षं तो तिथल्या किल्ल्या कमरेला लावून फिरत होता आणि येणाऱ्या प्रवाशांना हवेलीचा इतिहास सांगत होता. लग्नही हवेलीतच लागलं होतं, जेवणं खालच्या दालनात चालली होती, आणि नवरदेवाच्या पोटात घरच्या द्राक्षांची वाइन जरा जास्तच गेली होती. तो टेबलाच्या त्या टोकावरून ओरडला, "पबमध्ये कशाला नेताय? इथेच लपवा! या घरातला उंदीरसुद्धा मला विचारल्याशिवाय बीळ बदलत नाही."

मंडळींनी टाळ्या पिटल्या. हेद्विका मात्र उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांची नवरी, आजीच्या लेसचा पिवळट पांढरा झगा, आणि चेहऱ्यावर असा भाव की राडोवान आपोआप एक पाऊल मागे सरला.

"चालेल," ती म्हणाली. "इथेच लपते. तू मला शोधलंस तर मी ब्र्नो शहरातलं घर सोडून इथे राहायला येते. नाही सापडले, तर तू किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि माझ्याबरोबर ब्र्नोला यायचं."

सहा महिने हा एकच विषय दोघांनी टाळला होता. बदक की डुक्कर हे ठरलं, बँड कुठला हे ठरलं, केकला किती मजले हेही ठरलं. राहायचं कुठे, हे सोडून सगळं ठरलं होतं.

वेंडेलीनने घोट गिळला आणि म्हणाला, "ठरलं. बदक गार व्हायच्या आत आणतो शोधून."

मेतोदेय काका, हेद्विकाच्या वडिलांचे थोरले भाऊ, आयुष्यभर गावच्या फुटबॉलला शिट्टी वाजवत आलेले. पंच तेच झाले. "केक कापेस्तवर मुदत," त्यांनी सुनावलं. "कुणी बोटानं दाखवायचं न्हाई, कुणी खोकायचं न्हाई. नवरदेवानं एकट्यानं शोधायचं. खेळ म्हंजे खेळ."

खरी गोष्ट अशी, आणि ती हेद्विकाने कुणालाच सांगितली नव्हती, की तिला सापडायचं होतं. ब्र्नोचं तिचं घर म्हणजे सातव्या मजल्यावरचा सिमेंटचा डबा; त्याच्यासाठी जीव टाकावा असं त्यात काही नव्हतं. ही हवेली तिला आवडायची. हा माणूस तर इतका आवडायचा की कधीकधी तिला स्वतःचाच राग यायचा. पण एक गोष्ट तिच्या मनात गळवासारखी ठसठसत होती.

हेद्विका जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करायची. हवेलीच्या मोठ्या सभागृहाचं रंगवलेलं छत तिने दोन वर्षं परांचीवर, म्हणजे लाकूड-लोखंडाच्या त्या उंच माचावर, पाठीवर झोपून स्वच्छ केलं होतं. धूर, जवाचा भुसा, कबुतरांची घाण, सगळं कापसाच्या बोळ्यांनी टिपून काढलं. खाली वेंडेलीन दिवसातून सहा वेळा माणसांचा घोळका घेऊन यायचा, तिला वरून ते सगळं ऐकू जायचं, आणि त्यातूनच प्रेम जमलं. मार्चअखेर परांची उतरली. तिने त्याचा हात धरून सभागृहाच्या मधोमध आणून उभं केलं आणि म्हणाली, "बघ." वेंडेलीन म्हणाला, "अप्रतिम!" आणि खाली वाकून परांचीच्या पायांनी लाकडी जमिनीला पडलेले खळगे बोटाने चाचपायला लागला. त्याने वर पाहिलंच नाही. त्या दिवशीही नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. तिने वाट पाहिली, टोमणे मारले, मुद्दाम मानेचा विषय काढला. काही उपयोग झाला नाही. आपल्या दोन वर्षांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या माणसाच्या घरात जन्म काढायचा का, एवढाच तिचा प्रश्न होता.

तर ती आता धावत होती. राडोवानने तिला मुदपाकखान्याच्या मागून शेगड्यांच्या वाटेत ढकललं, हातात प्लमच्या दारूची चपटी बाटली दिली आणि साळसूदपणे परत जाऊन बदकासमोर बसला. शेगड्यांची वाट म्हणजे भिंतींच्या आतून जाणारी चिंचोळी गल्ली. खोल्या उबदार ठेवणाऱ्या चिनी मातीच्या उंच शेगड्यांत लाकडं घालताना नोकर हवेलीच्या मालकाच्या, काउंटच्या, नजरेस पडू नयेत म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी केलेली सोय. प्रत्येक शेगडीला मागून एक लोखंडी दार होतं. हेद्विकाने पहिलं दार बोटभर उघडलं आणि शेगडीच्या जाळीतून डोकावली. समोर शिकारखाना दिसत होता.

तिथे अख्खं वऱ्हाड आलं होतं. नवरा बायको शोधतोय आणि आपण बदक खात बसायचं, हे कुणालाच जमलं नाही. दारात श्टेपांकाबाई, तिकिटं फाडणाऱ्या, बुटांवर चढवायच्या सपातांची टोपली घेऊन उभ्या.

"लोकरी नमद्याच्या सपाता घातल्याशिवाय कुणी आत पाय ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "नवरदेव, तुम्हीसुद्धा."

"अहो श्टेपांकाबाई, माझी बायको हरवलीय."

"हरवू दे. जमीन ओकच्या लाकडाची आहे."

मग सगळ्यांनी बुटांवर त्या भल्या मोठ्या सपाता चढवल्या आणि वऱ्हाड घसरत घसरत निघालं. वाइन प्यायलेली माणसं, गुळगुळीत लाकूड आणि पायात नमदा. पहिल्याच वळणावर बँडचा क्लॅरिनेटवाला रानडुकराच्या मुंडक्याला मिठी मारून थांबला. हेद्विकाने तोंडात लेस कोंबून हसू दाबलं.

वेंडेलीनने कपाट उघडलं, पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली वाकला. छान चाललं होतं. इतक्यात कुणी मावशी म्हणाल्या, "अगं बाई, केवढं शिंग! कुणाचं हो हे?"

झालं. वेंडेलीनचा आवाजच बदलला. तो सरळ उभा राहिला, हात पाठीमागे बांधले, आणि जो आवाज हेद्विकाने दोन वर्षं वरून ऐकला होता तो सुरू झाला. "मंडळी, हे काउंट लेओपोल्ड यांनी मारलेलं हरीण. म्हणजे मारलं जंगलाच्या रखवालदाराने, काउंटनी त्या वेळी शिट्टी वाजवली. हेच काउंट तुर्कांशी लढायला गेले होते. पोहोचले तेव्हा लढाई संपली होती, पण तंबू, घोडे आणि एक इटालियन मिस्त्री एवढं घेऊन परत आले. त्याच मिस्त्रीने ही हवेली बांधली."

"अरे बाबा, पुढे चल की!" हेद्विका भिंतीत पुटपुटली.

पण वेंडेलीन पुढे गेला तो पुढच्याच खोलीत. मग त्याच्या पुढच्या. त्याला दुसरं येतच नव्हतं. अठरा वर्षं ज्या वाटेने माणसं नेली त्याच वाटेने तो बायको शोधत होता: शिकारखाना, निळी खोली, काउंटेसची शय्या, ग्रंथालय. हेद्विका भिंतीतून त्याच्या बरोबरीने सरकत होती. लेसला काजळी लागली होती, हातातली बाटली अर्धी झाली होती, आणि डोकं हलकं हलकं होत होतं. प्रत्येक शेगडीत डोळा लावून ती नवऱ्याचा पराभव बघत होती.

निळ्या खोलीच्या खिडकीशी त्याने सगळ्यांना समोरची बाजू दाखवली. काउंटना दोन्ही अंगं सारखी हवी होती. डावीकडे जितक्या खिडक्या तितक्या उजवीकडे. पण उजवीकडे देवघर होतं, तिथे खिडक्या पाडता येईनात, तेव्हा मिस्त्रीने त्या रंगवून टाकल्या, आणि एकीत फुलझाडाला पाणी घालणारी मोलकरीणही रंगवली. "काउंट रोज सकाळी तिला टोपी काढून नमस्कार करायचे," वेंडेलीन म्हणाला. "तिने कधी ओळख दिली नाही, म्हणून त्यांनी मिस्त्रीकडे तक्रार केली."

ग्रंथालयात अर्धी पुस्तकं लाकडाची. वरच्या रांगेला हात पुरत नसेल तर खरी पुस्तकं हवीत कशाला, असा काउंटचा रोकडा हिशेब. वेंडेलीनने एकूण एक लाकडी पुस्तक ठोकून पाहिलं, जणू हेद्विका त्यातच घडी घालून ठेवली असावी. मग खांबांकडे वळला. "हात लावून बघा, मंडळी. खरा संगमरवर गार लागतो. हा कोमट लागतो, कारण हा चुना, सरस आणि रंग घोटून केलेला आहे. पण करायला खऱ्याहून महाग!"

हेद्विकाच्या आई, आनेश्काबाई, पुढे आल्या, खांबाला हात लावला आणि मग जावयाकडे वळल्या. "जावईबापू, तुम्हीही कोमटच दिसता. बायको हरवलीय आणि खांब कुरवाळताय."

वऱ्हाड खिदळलं. वेंडेलीनचे कान लाल झाले.

"साहेब," श्टेपांकाबाईंना राहवेना, "शेगड्यांमागची वाट बघा की."

"ए बया, गप!" मेतोदेय काका ओरडले. "पंच हाय मी हितं!"

भिंतीच्या आत हेद्विका जागच्या जागी थिजली. पण वेंडेलीनने मान हलवली. "शेगड्यांची वाट प्रवाशांच्या दुसऱ्या फेरीत येते, श्टेपांकाबाई."

"मग?"

"दुसरी फेरी ऑगस्टपासून सुरू होते. आज जून आहे."

तो हे गंमत म्हणून बोलला नव्हता. हेद्विकाने कपाळ भिंतीवर टेकवलं आणि अंधारात खुदुखुदु हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, कारण आता फक्त सभागृह उरलं होतं. खाली बदक गार झालं होतं आणि केक गाडीवर चढवत होते. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि गल्लीच्या टोकाचा गोल जिना चढायला लागली.

जिना वादकांच्या सज्जात निघायचा. सभागृहाच्या भिंतीवर छताला लागून हा अरुंद लाकडी सज्जा होता, दगडासारखा रंगवलेला. आणि गंमत अशी की लाकडी सज्जा जिथे संपायचा तिथूनच रंगवलेला सज्जा सुरू व्हायचा. खरा कठडा संपून खोटा कुठे लागला, हे खालून कळतच नसे. त्या खोट्या कठड्यावर वाकून रंगवलेली माणसं खाली बघत उभी होती: पंखेवाली बाई, पोपटवाला हबशी, दाढीवाला बासरीवाला, आणि सभागृहाला वळसा घालून लाकडी सज्ज्याच्या दुसऱ्या टोकाला एक वीणा वाजवणारा. त्यांच्या वर खांबांवर खांब, कमानींवर कमानी, मग ढग, ढगांवर देव, आणि शेवटी सोनेरी उजेडाचं एक भोक. प्रत्यक्षात छत टेबलासारखं सपाट. पण खालून बघणाऱ्याला वाटायचं की घराचं झाकण उडालंय आणि आपणही आता वर ओढले जाणार.

हेद्विका पंखेवाली आणि वीणावाला यांच्या मधल्या लाकडी सज्ज्यात जाऊन उभी राहिली. कोपर कठड्यावर, मान किंचित कललेली, चेहरा निश्चल. तिचा पिवळट पांढरा झगा भिंतीच्या रंगात पार मिसळून गेला.

आता त्या वीणावाल्याबद्दल सांगायलाच हवं. त्याला चेहरा नव्हता. युद्धानंतर हवेलीत शाळा भरायची, सभागृहात पोरं बास्केटबॉल खेळायची, आणि कुणाच्या तरी जोरदार चेंडूने वीणावाल्याचं तोंड गिलाव्यासकट खाली आलं होतं. असं झालं की दुरुस्ती करणाऱ्याने तिथे सपाट करडा रंग द्यायचा, बस्स. मूळ चेहऱ्याचा पुरावा नसताना आपल्या मनचा चेहरा काढणं म्हणजे या धंद्यातलं महापाप. हेद्विका हे पोरापोरींना शिकवायची. आणि मार्चमधल्या एका दुपारी, खाली तो आवाज छताची गोष्ट सांगत असताना, तिने ब्रश उचलला आणि वीणावाल्याला वेंडेलीनचा चेहरा दिला. बसकं नाक, मिशा, कान, सगळं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती वाट बघत होती, की हा माणूस कधी मान वर करतो.

दारं उघडली. सपाता सरपटत आल्या. वऱ्हाड आत शिरलं आणि वेंडेलीन नेहमीप्रमाणे मधोमध येऊन मंडळींकडे तोंड करून उभा राहिला. त्याने कोपऱ्यांत पाहिलं, आरशांमागे पाहिलं, पियानोचं झाकण उचललं. नाही. त्याचे खांदे पडले. वरून हेद्विकाला ते स्पष्ट दिसलं आणि तिला वाटलं, ओरडावं, "इथे आहे मी, मूर्खा!" पण तिने ओठ घट्ट मिटले.

"वेंडेलीन," काका म्हणाले, "केक आलाय खाली."

"हो." मग बहुधा त्याला वाटलं, शेवटचंच सांगून घ्यावं. त्याने हात वर केला, नजर लोकांच्या पायांवर, आणि सुरू झाला. "मंडळी, आपल्या डोक्यावर जो घुमट दिसतो तो घुमट नाही. घुमटाला पैसे पुरले नाहीत, म्हणून काउंटनी व्हिएन्नाहून चितारी बोलावला आणि त्याच्याकडून घुमट रंगवून घेतला. प्रशियन अधिकारी इथे मुक्कामाला होते, ते जेवण झाल्यावर बाळदेवतांच्या ढुंगणांवर नेम धरायचे. पुढे इथे जव साठवला. जवानंतर शाळा."

वऱ्हाडाने माना वर केल्या. करणारच; त्या छताखाली उभं राहून वर न बघणारा माणूस जगात एकच होता. आधी राडोवानला दिसली. मग श्टेपांकाबाईंना. मग आनेश्काबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं: पंखेवाली, तिच्या शेजारी आपली लेक, आणि लेकीच्या शेजारी वीणा घेतलेला आपला जावई!

हेद्विकाने हळूच ओठांवर बोट ठेवलं.

तीस माणसं श्वास रोखून उभी राहिली. कुणाचे खांदे हलायला लागले. क्लॅरिनेटवाल्याने टाय तोंडात घातला. मेतोदेय काका पंच म्हणून कडक चेहरा करून उभे होते, पण मिशी थरथरत होती. वेंडेलीनला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो आपल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या विनोदावर आला होता. हा विनोद तो अठरा वर्षं सांगत होता आणि त्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं. जर्मन लोक तर त्यावर टिपणं घ्यायचे.

"आणि तिकडे ढगावर ज्या जाड बाई दिसतात त्या काउंटच्या सासूबाई. काउंटनी चिताऱ्याला सांगितलं, सासूबाईंना स्वर्गात रंगव. चितारी म्हणाला, किती उंचावर रंगवू, सरकार? काउंट म्हणाले, आवाज खाली येणार नाही इतक्या!"

वऱ्हाड फुटलं. नुसतं हसलं नाही, फुटलं. राडोवान गुडघ्यावर बसला, सपाता घसरल्या, त्याने काकांना धरलं, काकांनी मावशींना धरलं, आणि अर्धं वऱ्हाड जमिनीवर आलं. आनेश्काबाई, स्वतः सासूबाई, डोळे पुसत भिंतीला टेकल्या. आणि वेंडेलीन! त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून हेद्विकाला गलबलून आलं. पैज हरत होता, घर जात होतं, बायको सापडत नव्हती, तरी गडी उजळून निघाला होता. त्याने लवून मुजरा केला, दाराकडे वळला आणि म्हणाला, "इकडून, मंडळी."

तो दाराबाहेर गेला. संपलं, हेद्विकाच्या मनात आलं. ब्र्नो. सातवा मजला.

वऱ्हाड जागचं हललं नाही. दारात पुन्हा सपातांचा आवाज आला. वेंडेलीन परत आला होता.

"त्या विनोदावर कुणी हसत नाही," तो सावकाश म्हणाला. "मला माहीत आहे. तो फारसा चांगला नाहीये."

तो मधोमध आला. त्याने एक हात पियानोवर ठेवला, दुसरा काकांच्या खांद्यावर, डोळे मिटले, मान वर केली आणि मग डोळे उघडले. त्याच क्षणी तो भेलकांडला. काकांनी सावरायच्या आत वेंडेलीन सपाता, सूट आणि गुलाबाच्या फुलासकट जमिनीवर उताणा पडला होता.

"वेंडा!" हेद्विका किंचाळली. रंगवलेल्या माणसांतून एक माणूस ओरडलेला पाहून कुणीतरी आणखी हसलं.

"काही नाही, काही नाही," तो खालून म्हणाला. त्याचे डोळे सताड उघडे होते. "मला गरगरतं, हेदू. मान वर केली की सगळं घर फिरतं. लहानपणापासून. इथे नोकरीला लागलो त्या पहिल्या दिवशी वर पाहिलं आणि तिकीटघराच्या टोपलीत ओकलो. कुणाला सांगणार? छत दाखवायची नोकरी आणि छतच बघता येत नाही. पुस्तकात वाचून पाठ केलं सगळं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू माचावर चढणारी बाई. तुला काय सांगू, की मला खुर्चीवर चढूनही घाम फुटतो?"

हेद्विकाला काय वाटलं ते एका शब्दात सांगायचं तर लाज वाटली, आणि तिच्या मागोमाग असा काही आनंद उसळला की तिलाच कठडा धरावा लागला. खाली वेंडेलीन उताणा पडून बघत होता. देव, ढग, घोडे, सासूबाई. त्याची नजर एकेका गोष्टीवरून अडखळत जात होती. "हे सगळं कधीपासून आहे इथे?" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरलं.

"नवरी दिसली का न्हाई?" मेतोदेय काका पंचाच्या आवाजात म्हणाले.

"दिसली. पण मी नाही शोधली, काका. या लोकांच्या हसण्याने शोधली." त्याने आडव्या आडव्याच कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि जमिनीवर ठेवल्या. "हरलो मी. ब्र्नोला जाऊ. फक्त हे जरा बघून होऊ दे."

हेद्विका जिन्यावरून कशी उतरली ते तिलाच आठवत नाही. काजळी लागलेल्या झग्यासकट ती त्याच्या शेजारी येऊन आडवी झाली. मग राडोवान आडवा झाला, मग मावशी, मग बँड. श्टेपांकाबाईंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग सुस्कारा सोडून त्याही बसल्या. खाली केकवरचं क्रीम वितळायला लागलं होतं.

"फिरतंय?" तिने विचारलं.

"गरागरा," तो म्हणाला. "पण छान आहे." आणि मग तो एकदम ताठ झाला. "हेदू. तो वीणावाला कोण आहे?"

ती झग्यावरची काजळी झटकायला लागली.

"हेदू, तिथे करडा रंग असायला हवा."

"हो."

"तो मी आहे."

"हो."

"हा गुन्हा आहे," वेंडेलीन कुजबुजला. अठरा वर्षांचा सरकारी नोकर त्याच्यात जागा झाला होता. "तुझी सनद जाईल! कुणाला कळलं तर?"

"कुणाला कळणार? तीन महिन्यांत इथल्या कारभाऱ्यालाच कळलं नाही."

"कारण मी कारभारी आहे. उद्या मी गेलो की नवा येईल. त्याची मान धड असेल. तो पहिल्या दिवशी वर बघेल, दुसऱ्या दिवशी तक्रार करेल." तो विचारात पडला, आणि मग त्याचा हात चाचपत जमिनीवरून सरकला आणि किल्ल्यांवर येऊन थांबला. "हेदू, आपल्याला इथून हलता येणार नाही. निदान निवृत्तीपर्यंत तरी."

"असं म्हणतोस?" ती म्हणाली. हसू आवरायला तिला गाल आतून चावावा लागला.

मेतोदेय काकांनी शिट्टी नव्हती म्हणून तोंडाने शिट्टी वाजवली आणि सामना संपल्याचं जाहीर केलं. माणसं उठायला लागली, एकमेकांना ओढत, घसरत, केक केक म्हणत. ही दोघं तशीच पडून राहिली. वेंडेलीन वीणावाल्याकडे टक लावून बघत होता.

"माझे कान खरंच एवढे मोठे आहेत?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं वरून मला तेवढेच दिसत होते," हेद्विका म्हणाली.